रेंजवरील नेमबाजीसाठी .32 चे रिव्हॉल्वर: नळी पाहून घ्यावे की काडतूस पाहून?

सहा इंची (पुणे)

स्वसंरक्षणासाठी काढलेला परवाना घरात असतो, रायफल क्लबचे सदस्यत्व मिळते आणि मग सुटीच्या दिवशी रेंजवर कागदी टार्गेटवर नेम धरण्यासाठी एखादे रिव्हॉल्वर घ्यावे, असा विचार आपल्यापैकी अनेकांनी केलेला असेल. सामान्य परवान्यावर .38 बोअर (नळीचा आतला व्यास, इंचांत) मिळत नाही, त्यामुळे चर्चा बहुतांशी .32 पुरतीच उरते. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो हत्यार कमरेला लावणार की गाडीत ठेवणार, हा. रेंजवरच्या माणसाला या प्रश्नाशी काडीचेही कर्तव्य नसते. माझे म्हणणे असे की लक्ष्यावरील नेमबाजीसाठी निवड करताना नळीची लांबी आणि साईट (नेम धरण्याच्या खुणा) यांना पहिला मान द्यावा, त्यानंतर चाप (ट्रिगर) पाहावा, आणि कंपनीचे नाव, चकाकी व हलकेपणा यांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे नेहमीचे .32 हे ब्रिटिश वेब्ली कंपनीच्या धर्तीचे, मधून मोडून उघडणारे, सहा गोळ्यांचे शस्त्र आहे. त्याची नळी सुमारे 3 इंचांची आणि साईट पक्की, म्हणजे सरकवता न येणारी, असते. समजा, पुढच्या आणि मागच्या साईटमधील अंतर साडेबारा सेंटीमीटर आहे आणि गोळी सुटताना पुढच्या साईटची माशी मागच्या साईटच्या खाचेत अर्धा मिलीमीटर डावीकडे सरकली, तर 25 मीटरवर ती गोळी 10 सेंटीमीटर डावीकडे लागते. प्रिसिजनच्या (अचूकतेच्या टप्प्याच्या) टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 50 मिलीमीटर असतो आणि तेथून बाहेरचे प्रत्येक कडे 25 मिलीमीटर रुंदीचे असते. म्हणजे ही गोळी सातच्या रेषेवर गेली. दोन साईटमधील अंतर 20 सेंटीमीटर असते तर तीच चूक सव्वासहा सेंटीमीटरवर थांबली असती आणि आठ गुण मिळाले असते. शिवाय पक्की साईट आपल्या हाताशी जुळली नाही, तर दर वेळी टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर कुठेतरी अंदाजाने नेम धरावा लागतो, आणि अंदाजावर ग्रुप (गोळ्यांचा एका जागी पुंजका) बांधला जात नाही. म्हणून नव्या आखूड रिव्हॉल्वरपेक्षा, स्क्रूने सरकवता येणारी मागची साईट असलेले जुने परदेशी सहा इंची .32 चांगल्या स्थितीत मिळत असेल, तर जास्त पैसे मोजूनही तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

खडकीकर

आपले गणित बरोबर आहे, पण ज्याचे प्रत्येक काडतूस सारखेच वागते अशा नेमबाजासाठी ते मांडलेले आहे. आपल्याकडे परवान्यावर मिळणारे .32 मुख्यतः आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले, गोल टोकाच्या गोळीचे. जगभरच्या सेंटर फायर स्पर्धांत जे .32 स्मिथ अँड वेसन लाँग वॉडकटर वापरतात, ते मापाने याचेच भावंड आहे. मात्र त्यातली शिशाची गोळी सपाट तोंडाची असते, ती काडतुसाच्या केसच्या (धातूच्या नळकांड्याच्या) तोंडाशी समतल बसवलेली असते आणि तिचा वेग मुद्दाम कमी व एकसारखा राखलेला असतो. ती कागदात पंचने मारल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडते. गोल टोकाची गोळी कागद फाडते, आणि मग सात द्यायचे की आठ, यावर दोन माणसे भिंग घेऊन उभी राहतात.

दुसरे असे की काडतुसांची वार्षिक मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. राष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक गुण मिळवून नेमबाजाचा दर्जा मिळवलेल्यांना आयातीत आणि काडतुसांत सवलती आहेत; आपल्या-माझ्यासारख्यांना नाहीत. त्या मर्यादेत राहून सहा इंची नळीचा लाभ दिसावा इतका सराव होणार कसा? त्यामुळे ज्याला काडतुसाची सोय नाही त्याने लांब नळीवर अवाच्या सवा किंमत मोजू नये. कानपूरचे नवे घ्यावे, त्याला कोणते काडतूस मानवते ते पाहावे आणि उरलेले पैसे रेंजच्या फीसाठी ठेवावेत.

दहा मीटर (कोल्हापूर)

आपण दोघेही चुकीच्या दुकानात उभे आहात, असे नम्रपणे सांगते. मी क्लबमध्ये नवशिक्यांना शिकवते आणि माझ्या मते शिकणाऱ्याने रिव्हॉल्वर घेऊच नये. .177 बोअरचे आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेचे एअर पिस्तूल परवान्याविना घेता येते, त्याचा चाप ओढायला स्पर्धेच्या नियमाप्रमाणे किमान 500 ग्रॅमचा जोर लागतो, आणि घराच्या सुरक्षित भिंतीसमोर रिकाम्या पिस्तुलाने रोज सराव करता येतो. पुढे 25 मीटरला जायचे असेल तर .22 चे स्पोर्ट पिस्तूल आहे. आमच्या राही सरनोबतने 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले ते याच प्रकारात.

सहा इंची साहेबांच्या अर्ध्या मिलीमीटरबद्दलही थोडे बोलते. माशी सरकण्यापेक्षा चाप हिसकल्याने गोळ्या अधिक वाया जातात. रिव्हॉल्वरचा घोडा (हॅमर) न चढवता नुसता चाप ओढला तर तो साधारण 5 किलोचा भरतो. एवढा जोर लावणारे नवशिके बोट मूठही सोबत वळवते आणि गोळी खाली डावीकडे जाते. मग नळी 3 इंच असो की 6 इंच. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. रायफल क्लबच्या सदस्याला कायद्याच्या त्या कलमात सूट आहे ती .22 ची रायफल आणि एअर रायफल यांच्यापुरती. त्या दोनांतली एक जागा अशा रिव्हॉल्वरला का द्यावी?

सहा इंची (पुणे)

मॅडम, नवशिक्याने एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी याबद्दल दुमत नाही, पण रिव्हॉल्वर हे स्पर्धेचे शस्त्रच नव्हे असा जो सूर लागला आहे, तो मान्य नाही. 25 मीटर सेंटर फायरचा नियम पाहा: बोअर 7.62 ते 9.65 मिलीमीटर, चाप किमान 1000 ग्रॅम, नळी जास्तीत जास्त 153 मिलीमीटर. सहा इंच म्हणजे 152.4 मिलीमीटर; मोजणाऱ्याने त्यात बोट घालायलाही जागा ठेवलेली नाही. पहिल्या टप्प्यात 5 गोळ्यांना 5 मिनिटे मिळतात, दुसऱ्या टप्प्यात टार्गेट 3 सेकंद समोर येते आणि 7 सेकंद वळलेले राहते, आणि प्रत्येक वेळी एकच गोळी झाडायची असते. त्या 7 सेकंदांत घोडा चढवून हात खाली 45 अंशांवर आणायला पुरेसा अवकाश आहे, त्यामुळे 5 किलोच्या चापाचा प्रश्नच येत नाही. फ्रान्सच्या मॅन्युरिनने याच .32 वॉडकटरसाठी खास मॅच रिव्हॉल्वर बनवले होते, ते उगाच नव्हे. हे मात्र खरे की 10 सेकंदांत 5 गोळ्या मागणाऱ्या स्टँडर्ड पिस्तुलाच्या टप्प्यात रिव्हॉल्वरवाल्याची त्रेधा उडते.

दहा मीटर (कोल्हापूर)

नियमात बसते हे मान्य. पण जसपाल राणा यांनी 2006 साली दोहा येथे सेंटर फायरमध्ये 590 गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली, त्या पातळीवर आज रेषेवर उभे राहिलेल्यांच्या हातात काय असते ते आपणच पाहून या. सगळीकडे अर्धस्वयंचलित पिस्तुलेच दिसतील.

ओहायोतला मराठी

येथे नेमके उलटे चित्र आहे, म्हणून लिहितो. आमच्या रेंजवर पदकासाठी कोणी येत नाही, आणि तरीही रिव्हॉल्वर घेणारे भरपूर आहेत. माझ्या मते पहिले रिव्हॉल्वर .22 चेच असावे. स्मिथ अँड वेसनचे 617 हे सहा इंची नळीचे, दहा गोळ्यांचे, सव्वा किलोच्या आसपासचे पोलादी हत्यार आहे. धक्का जवळजवळ नाही आणि काडतूस स्वस्त. ज्याला मोठे हवे त्याने त्याच कंपनीचे 686 किंवा रूगरचे जीपी 100 घ्यावे. ती .357 मॅग्नमची आहेत, पण त्यांत .38 स्पेशल वॉडकटर चालते आणि रेंजवर तेच वापरावे. एक सूचना: .38 चे केस आखूड असल्याने चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या भोकात) पुढे काजळीचे कडे जमते. ते ब्रशने काढले नाही तर पुढे .357 चे लांब काडतूस अडकते.

मॅडमच्या मताला विरोध एवढ्यासाठीच की तो 5 किलोचा चाप हीच शिकवणी आहे. घोडा न चढवता, माशी न हलवता ज्याला तो ओढता आला, त्याला हलका चाप फार सोपा वाटतो.

खडकीकर

ओहायोचा सल्ला इथे भारतात लागू करायला गेलो तर हाती काय लागते? इशापूरचे .22 चे निडर. ते जेमतेम पाव किलोचे, खिशासाठी केलेले. 25 मीटरवर त्याच्याकडून कशाची अपेक्षा करणार? सव्वा किलोचे 617 आपल्या सामान्य परवानाधारकाला आयात करता येत नाही, तेव्हा त्याची स्तुती वाचून केवळ जीव जळतो.

जुना परवाना (नाशिक)

मूळ लेखातील सल्ल्याला माझा विरोध आहे तो तत्त्वासाठी नव्हे, तर मालासाठी. ऐंशीच्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी आयात बंद झाली, त्यामुळे बाजारात फिरणारे परदेशी .32 हे किमान तेवढ्या वयाचे असते, आणि किंमत मात्र त्याच्या दुर्मीळपणाची सांगितली जाते, अवस्थेची नव्हे. घ्यायचेच असेल तर विक्रेत्यासमोर, शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, पुढील गोष्टी पाहाव्यात. घोडा हळूहळू चढवावा आणि चक्र (गोळ्यांचे सिलिंडर) पूर्ण फिरून कुलूप बसल्याचा आवाज घोडा पूर्ण चढून अडकण्याआधी येतो का, ते सहाही चेंबरवर ऐकावे. मग चाप दाबून धरून, घोडा अंगठ्याने सावकाश उतरवून, चक्र दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. ते खुळखुळत असेल तर चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळी कडेला घासून शिरते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. शेजारच्या लेनमधील माणूस ते आपल्याला लवकरच सांगतो. शेवटी नळीत उजेड टाकून, चक्राकडच्या तोंडाशी खड्डे किंवा भेगा आहेत का ते पाहावे.

या परीक्षेत नापास झालेली सहा इंची नळी घेण्यापेक्षा उत्तीर्ण झालेले कानपूरचे तीन इंची चांगले.

सहा इंची (पुणे)

ही परीक्षा मला मान्य आहे. "चांगल्या स्थितीत मिळत असेल, तर" हे शब्द मी त्यासाठीच लिहिले होते. पण मग परीक्षा दोघांचीही व्हावी. कानपूरचे नवे असले तरी ते बाकावर टेकवून, एकाच पेटीतील काडतुसांनी, 25 मीटरवर निदान 5-5 गोळ्यांचे दोन ग्रुप झाडून पाहावे, आणि ते दहाच्या वर्तुळाच्या दुप्पट जागेतही मावत नसतील तर खडकीकरांनी ते कोणत्या काडतुसाने सुधारून घेतले असते, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

खडकीकर

कोणत्याच नाही. अशा वेळी मी ते परत करीन आणि मॅडमचे ऐकून एअर पिस्तूल घेईन. सहा इंचीसाठी कर्ज काढणार नाही.