आजीच्या ट्रंकेतले चांदीचे रुपये ऑनलाइन लिलावात घालावेत का? (सांगली)

हळदपेठ: आजी गेल्यावर वसगड्याच्या घरातली ट्रंक उघडली. खणाच्या पिशवीत २३ बंदे रुपये आणि मूठभर तांब्याचे पैसे निघाले. भावाने हौसेनं एका ग्रुपवर फोटो टाकला. अर्ध्या तासात फोन! "लिलावात एका नाण्याचे चार लाख येतील, आधी १,२५० रुपये नोंदणी भरा." रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेलं पत्रसुद्धा पाठवलं. आत्या म्हणते भरून टाका. काय करू?

नाणेवेडा_सातारा: एक पैसा भरू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात आम्ही नाही, आणि त्यापोटी फी किंवा कमिशनही घेत नाही. पाच रुपयांच्या ट्रॅक्टरवाल्या नोटेचे लाखो देणारे हेच लोक.

आता नाण्यांचं. पंचम जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी साधारण १०.७ ग्रॅम. घरच्या काट्यावर नको, सराफाच्या काट्यावर तोला. साल बघा. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. बाकी नेहमीच्या सालांना चांदीच्या भावापेक्षा फार वर कुणी जात नाही. हां, १९११ चा असेल तर भिंग घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला. हा 'डुक्करछाप' रुपया जरा जास्त भाव खातो.

तांब्याच्या पैशांवर 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' वाचता येतंय का? मग शिवराई. लाखांत जातो तो सोन्याचा होन, शिवराई नव्हे. शिवराई लई पाडल्या गेल्यात आणि पुढं कितीतरी वर्षं चालल्यात.

कंदीपेढा: आणि कृपा करून चिंच लावू नका! मी दिवाळीच्या आधी सगळ्या शिवराया चिंच आणि राखेनं घासून देवाच्या भांड्यांसारख्या लखलखीत केल्या. लिलाववाल्याने फोटो बघून एवढंच विचारलं, "धुतली काय वो?" पुढे बोलणंच नाही.

हळदपेठ: बरं झालं, आई चिंच भिजवतच होती. परदेशी साइटवर टाकलं तर भाव जास्त येतो म्हणतात?

नाणेवेडा_सातारा: शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तूत धरतात. १९७२ च्या कायद्याने ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पार्सल अडकलं की भावाचं सोडा, नाणंही जाईल. मुंबई-पुण्याकडे नाण्यांचे लिलाव करणाऱ्या कंपन्या आहेत, ऑनलाइन बोली घेतात. आधी तीन गोष्टी लेखी घ्या: राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) किती, तुमच्याकडून कमिशन किती, आणि नाही विकलं तर परत पाठवायचा खर्च कुणाचा.

मिरजेचा_सतारवाला: मी घेणाऱ्यांपैकी. बोलीवर घेणाऱ्याकडूनही वेगळं कमिशन कापतात, वर जीएसटी. आपल्या यार्डातल्या अडतीसारखंच, फक्त नाव इंग्रजी. म्हणजे समजा २,००० ची बोली आणि १५ टक्के कमिशन, तर २,३०० आणि वर कर. म्हणून मुरलेला माणूस बोली आधीच तेवढी उतरवून लावतो. बऱ्याच साइटवर कमाल आकडा एकदाच टाकायचा असतो, यंत्र दुसऱ्याच्या एकच पायरी वर ठेवत जातं. मी तो टाकून जेवायला जातो. शेवटची दोन मिनिटं स्क्रीनसमोर बसलो की हातच ऐकत नाही. एका होळकरी रुपयाला असंच दुप्पट घातलेत, बायकोला अजून आकडा माहीत नाही.

कंदीपेढा: थेट गिऱ्हाईक गाठलं तर एक लक्षात ठेवा, पैसे *घ्यायला* यूपीआय पिन लागत नाही. मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

हळदपेठ: सराफ कट्ट्यावर जाऊन आलो. २० नाणी ११.५ च्या वर. दोन १९४२ ची. एक १०.२ भरलं, टाकल्यावर आवाजही बद्द, सराफ नुसता हसला. १९११ एकही नाही. सहा शिवराया मात्र वाचता येतात, त्यांचे फोटो दोन कंपन्यांना पाठवलेत. रुपये विकायचे नाहीत असं आत्याने ठरवलंय, लक्ष्मीपूजनाला लागतात म्हणे. ते बद्द वाजणारंही तिनं पिशवीत परत घातलं.