चाळिशीनंतर चढत जाणारा मायनस नंबर : आपापले अनुभव लिहा

मी नागपुरात धरमपेठेत राहते, वय ४७. दहावीत उणे ६ होता, आता उजवा उणे १४. चाळिशीनंतर नंबर पुन्हा चढू लागला, तेव्हा दर वेळी सीताबर्डीत जाऊन नुसती काच बदलून आणायचे. गेल्या वर्षी पहिल्यांदा थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासला. डोळ्याची लांबी निघाली २९ मिलिमीटर. साधारण डोळा २४च्या आसपास असतो. डोळा लांबला की आतला पडदा ताणून पातळ होतो, हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. याचं फार वाईट वाटतं. म्हणून विचारतेय, तुमचं काय झालं?

महाल, ५२
दोन वर्षांत उणे ९चा १२ झाला. निघाला मोतीबिंदू, भिंगाच्या गाभ्यातला. तो नंबर उणेकडेच ढकलतो. ऑपरेशननंतर मुद्दाम उणे २ ठेवून घेतला, कारण चष्मा काढून वाचायची जन्माची सवय. पडदा मात्र दरवर्षी दाखवतो.

मनीषनगर, ४४
ताई, २००८ साली लेसिक, म्हणजे लेझरने नंबर घालवायचं ऑपरेशन केलं. चष्मा गेला म्हणजे डोळा बरा झाला, असंच धरून चालले. डोळा आतून तेवढाच लांब राहतो, हे मागच्या मे महिन्यात कळलं. वर्धा रोडवर गाडी चालवताना उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी कोळशाची पूड उडावी तसे काळे ठिपके. ऊन लागलं असेल म्हणून पन्हं प्यायले, डोक्याला दुपट्टा बांधला आणि कामावर गेले. तिसऱ्या दिवशी खालून सावली चढू लागली. पडदा सुटला होता. मधला भाग चिकटून होता म्हणून नजर वाचली. डोळ्यात गॅस भरला, आठवडाभर पालथी झोपले. डाव्यात छिद्र सापडलं, त्याच्याभोवती लेझर दहा मिनिटांत झालं. वीज दिसली त्याच दिवशी गेले असते, तर उजव्याचंही कदाचित तेवढ्यावरच भागलं असतं.

प्रतापनगर, ५०
मला दाराची चौकट वाकडी दिसू लागली, तीही एकाच डोळ्याने. पडद्यामागे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. डोळ्यात तीन इंजेक्शनं झाली. आता रोज सकाळी एकेक डोळा झाकून कॅलेंडरचे चौकोन बघते.

धरमपेठ, ४७
महालचे दादा, उणे २ ठेवल्यावर गाडी चालवताना चष्मा लावता ना? माझ्याही मोतीबिंदूची सुरुवात आहे, बुधवारी डॉक्टरांना हेच विचारायचं आहे. थेंबांनी तासन् तास अंधुक दिसतं, म्हणून भावाला सोबत नेतेय.