तांबट लेनची ठोकाठोक बंद करायची म्हणे!

गोदाकाठचा: जुन्या नाशकात नवा फ्लॅट घेतलेल्या एकाची पोस्ट कालपासून फिरतेय. सकाळी दहाच्या आत तांबटांनी हातोडी उचलू नये, देवळांच्या घंटांनाही वेळ ठरवून द्यावी, असं त्यांचं म्हणणं. वाचून डोकंच फिरलं. अहो, भट्टीतून निघालेला पत्रा मऊ असतो. मठार, म्हणजे हातोडीचे ठोके, मारल्याशिवाय त्याला कडकपणा येत नाही. आवाज नको म्हणजे हंडाच नको! बुडाला ठोका बसला की आवाज घुमतो, काठाला बसला की टण्ण वाजतो. आमचे आजोबा ओट्यावर बसून, न बघता सांगायचे भांडं कुठवर आलंय ते. आता मोजक्याच घरांत हे काम उरलंय, त्यांनाही उठवायचं?

कारंजावाली: दादा, तांबटांबद्दल माझीही तक्रार नाही. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि पहाटे पाचला देवळाचा भोंगा सुरू होतो. रात्रभर तळमळून तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागलेला असतो. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. रहिवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. सांगायला गेलं की आम्ही धर्मबुडवे!

मेनरोडचा दुकानदार: भोंगा अर्ध्या तासाने थांबतो तरी. बुलेटचे सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणाऱ्या पोरांचं काय? गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती, आवाज छातीत बसतो. त्यावर कुणी पोस्ट लिहीत नाही.

रहाडप्रेमी: आणि रंगपंचमी? वर्षभर फळ्या-मातीखाली झाकलेली पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, आपण उघडतो, पूजा करतो आणि शेजारी डीजेची भिंत उभी करतो. रहाडीत धप्पा मारला, म्हणजे उडी टाकली, की पाणी उसळून काठावर आदळायचं, तो आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. आता काठावर उभं राहूनही ऐकू येत नाही.

धप्पामास्तर: भाऊ, तुम्ही शेवटची उडी कधी मारली? पोरं रात्र रात्र जागून रहाड उपसतात, रंग उकळतात. त्यांना एक दिवस नाचू द्या की. नुसत्या हलगीवर गर्दी जमत नाही आता.

रहाडप्रेमी: गर्दी रहाडीसाठी येते, डीजेसाठी नाही! डीजे कुठल्याही गावात मिळतो, रहाड मिळते का? गेल्या खेपेला आमच्या वाड्याच्या मातीच्या भिंतीचे पोपडे पडले. भरून कोण देणार, तुम्ही?

धप्पामास्तर: वाडा आधीच मोडकळीला आलाय, त्याचं खापर आमच्यावर फोडू नका. ढोलपथकंही कानठळ्या बसवतातच, त्यांना संस्कृती म्हणता.

कारंजावाली: ढोल असो की डीजे, खिडकीची काच दोन्हींनी थरथरते. माणूस घरात आजारी असलं की कळतं.

गोदाकाठचा: ताई, भोंग्याचं तुमचं पटलं. घंटा हाताने वाजावी. नारोशंकराच्या देवळाची घंटा 1721 ची, चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई जिंकल्यावर इकडे आलेली. तिला कधी माइक लागला नाही. पण हाताच्या घंटेला आणि हातोडीला मात्र मी हात लावू देणार नाही.

नवा रहिवासी: ती पोस्ट माझीच. रात्रपाळी करून पहाटे घरी येतो, म्हणून लिहिलं. देवाधर्माशी माझं वैर नाही. दहा जमत नसेल तर निदान नऊ?

गोदाकाठचा: रात्रपाळीचं आधी लिहिलं असतंत तर इतका भडकलो नसतो. तरी नऊ जमणार नाही. उन्हाळ्यात भट्टीपुढे दुपारी बसवत नाही, काम सकाळीच उरकावं लागतं. तुमच्या मागच्या बाजूला रात्री दहानंतर भांडी घासून चकचकीत करायचं बफिंगचं मशीन चालतं, त्याची तक्रार करा. सही करायला मी येतो.

मेनरोडचा दुकानदार: त्या अर्जात सायलेन्सरचंही घाला, मग माझीही सही.