‘ग्रिट’ म्हणजे जिद्द? मी तर लेकीला पॉलिश पेपर सांगितलं

फेटलिंगवाला (उद्यमबाग, बेळगाव)

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पण घरात माझी अब्रू गेलीय.

लेक आठवीत आहे. परवा तिला कित्तूरच्या राणी चन्नम्मावर इंग्रजीत दहा ओळी लिहायच्या होत्या. १८२४ ची लढाई, कलेक्टर थॅकरे मारला गेला, पुढं राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत, १८२९ ला तिथंच वारली, सगळं नीट लिहिलेलं. शेवटी ‘शी हॅड ग्रेट ग्रिट’. मी जेवता जेवता म्हटलं, ‘अगं, ग्रिट पॉलिश पेपरवर असतं. राणीच्या अंगात कुठनं आलं?’ ती म्हणाली, ‘पप्पा, काय सांगालाय?’ पण बापाचं ऐकलं बिचारीनं. खोडून ‘करेज’ लिहिलं. आणि नेमका ‘ग्रिट’ हाच शब्द बाईंनी वर्गात सांगितलेला, ‘वापरा’ म्हणून! दोन दिवस झाले, माझ्याशी कामापुरतं बोलते.

आता माझं पण ऐका की. वीस वर्षं फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, साफ करतोय. शॉट ब्लास्टिंगला, म्हणजे कास्टिंगवर दाण्यांचा जोरात मारा करून ते साफ करायला, जो माल टाकतात त्यात शॉट म्हणजे गोल दाणे आणि ग्रिट म्हणजे कोनेदार. गोल दाणा ठोकतो, कोनेदार ओरबाडतो. दुकानात इमरी पेपर घेतानाही ‘८० ग्रिट द्या, १२० द्या’ असंच मागतो. आकडा वाढला की दाणा बारीक, कारण तो आकडा मुळात चाळणीचा. इंचात भोकं जितकी जास्त, तितका माल बारीक. हे मला झोपेत विचारा. पण माणसाच्या अंगातलं ग्रिट कसलं? शब्द एकच का दोन? आणि मराठीत काय म्हणायचं?

निपाणीचा मास्तर

शब्द एकच. तुमचा जुना, लेकीचा नवा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाळू, खडी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बोलीत ‘याच्या अंगात ग्रिट आहे’ असं म्हणायला लागले आणि तो अर्थ टिकला. म्हणजे तुम्ही चुकला नाहीत, फक्त दोनशे वर्षं मागं राहिलात. (राग मानू नका, आमच्या स्टाफरूममध्येही ‘ग्रीट’ म्हणणारे होते. तो वेगळा शब्द. त्याचा अर्थ नमस्कार-चमत्कार.)

वापराचं सांगतो. माणसाच्या गुणाबद्दल बोलताना ‘अ ग्रिट’ म्हणायचं नाही, अनेकवचनही करायचं नाही. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘ग्रिटी इनिंग्ज’ ऐकता ना, ती चिवट खेळी. पण ‘ग्रिटी’ सिनेमा म्हणजे जिद्दी सिनेमा नव्हे, तर रखरखीत वास्तव दाखवणारा. आणि ‘ग्रिट युवर टीथ’चं भाषांतर पोरं हमखास ‘दातओठ खाणे’ करतात. दातओठ खातो तो चिडलेला माणूस. इथं दातावर दात दाबून सोसायचं आहे.

मराठी शब्दाबद्दल माझं मत असं: ‘रिझॉल्व्ह’ म्हणजे निर्धार. तो एका रात्रीत होतो. ग्रिटला काळ लागतो, मार खावा लागतो. ‘जिद्द’ जवळचा आहे, पण मी ‘चिवटपणा’ घेईन. खरं तर हा शब्द राणीच्या फौजेतल्या संगोळ्ळी रायण्णाला जास्त शोभतो. कित्तूर पडलं, राणी कैदेत, तरी हा गडी माणसं जमवून सरकारी कचेऱ्या जाळत राहिला. १८३१ ला नंदगडला फाशी दिली तेव्हाच थांबला. राणीच्या पहिल्या लढाईला ‘करेज’ चुकीचं नाही, असं बाईंना सांगा.

वडगावची सून

मास्तर, ‘चिवट’ म्हटलं की मला शिळी भाकरी आठवते. जिद्दच बरी.

पण एक गंमत बघा. भाजी नीट धुतली नाही की दाताखाली कचकच लागते. ती कच म्हणजे या दादांचं ग्रिटच की! आणि आपण म्हणतो ‘त्यानं ऐनवेळी कच खाल्ली’, म्हणजे घाबरून मागं सरला. इंग्रजांत ज्याच्या अंगात कच तो शूर, आणि आपल्यात कच खाल्ली की गेला! दोन्ही कच मुळात एकच, असा माझा दावा नाही हं. मेथी निवडता निवडता सुचलं.

खानापूर लोकल

कन्नडचं राहिलं. पाचवीपासून मी कन्नड शाळेत. घरात मराठी, त्यामुळं पहिलं वर्ष नुसतं फळ्याकडं बघत काढलं. सहामाहीत गणिताचा एक हिशेब चार वेळा चुकला, पाचव्यांदा जमला. मास्तर वर्गासमोर म्हणाले, ‘निनग छल ऐती नोड.’ मी ऐकला ‘छळ’! घरी येऊन आईला सांगितलं, मास्तर म्हणतात मी छळतो. ती दुसऱ्या दिवशी पदर खोचून शाळेत. तिथं कळलं की कन्नडमध्ये ‘छल’ म्हणजे जिद्द. ‘तुझ्यात जिद्द आहे बघ’ असं म्हणाले होते.

विक्रम-वेताळातला विक्रम आहे ना, मराठीत तो आपला ‘हट्ट’ सोडत नाही, कन्नडमध्ये ‘छल’ सोडत नाही. आजही कुणी एखाद्या कामाला चिकटून बसला की ‘छल बिडद त्रिविक्रम’, म्हणजे छल न सोडणारा विक्रम, असं म्हणतात. मला विचाराल तर ग्रिटला तोच शब्द नेमका. मराठीतला हट्ट पोरकट वाटतो.

फेटलिंगवाला (उद्यमबाग, बेळगाव)

सगळ्यांचे आभार. काल येताना ८० नंबरचा एक तुकडा खिशात घालून आणला. लेकीच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘हे माझं ग्रिट, ते तुझं. शब्द एकच. मी चुकलो.’ तिनं बोट फिरवून बघितलं, रायण्णाचं सगळं वाचून घेतलं, छळाच्या गोष्टीला तर पोट धरून हसली. बोलणं सुरू झालंय.

पण आता नवीनच काढलंय. आमच्यात शेवटच्या पॉलिशला एकदम गुळगुळीत कागद लागतो, त्याला झिरो पेपर म्हणतात. विचारते, ‘पप्पा, मग झिरो पेपर म्हणजे भित्रा काय?’

मास्तर, हे तुमच्याकडं.