रीसेट पिन काही बोर्डांवर नसतेच, ड्रायव्हरने काय करावं?

टचस्क्रीनचा लिनक्स ड्रायव्हर आहे. एका बोर्डावर रीसेट पिन जोडलेली, दुसऱ्यावर नाही, म्हणून डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) नोंदही नाही. तिथे ‘जीपीआयओडी_गेट’ (जीपीआयओ, म्हणजे साधी इनपुट-आउटपुट पिन, मागणारं फंक्शन) उणे २, म्हणजे ‘नोंद सापडली नाही’, देतो आणि प्रोब (ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करतो तो टप्पा) फसतो. एरर आली तरी पुढे जाऊ का?

↳ अजिबात नको. ती एरर उणे ५१७, म्हणजे ‘प्रोब डिफर’ही असू शकते: पिन आहे, पण तिचा कंट्रोलर अजून लोड व्हायचाय. ती गिळलीत तर चिप रीसेट न होताच वापराल. ‘जीपीआयओडी_गेट_ऑप्शनल’ वापरा. नोंद नसेल तर तो नल (रिकामा पॉइंटर) देतो, बाकी एरर जशीच्या तशी परत करा. पुढे ‘सेट_व्हॅल्यू’ला नल चालतो, वेगळा ‘इफ’ नको.

↳ तपासणी ‘इझ_एरर’नेच करा. ‘इझ_एरर_ऑर_नल’ लावून ‘पीटीआर_एरर’ (पॉइंटरमधला एरर कोड) परत केलात तर नलचा होतो ०, आणि अर्धवट प्रोब यशस्वी ठरतो! हा बग शोधताना डोकं पिकतं.

↳ रेग्युलेटरचं (चिपला वीज देणाऱ्या भागाचं) मात्र उलटं. तिथला ‘गेट_ऑप्शनल’ नल नाही, उणे १९ (‘डिव्हाइस नाही’ ही एरर) देतो. नुसता वीजपुरवठाच असेल तर साधा ‘रेग्युलेटर_गेट’ घ्या, नोंद नसल्यास डमी (नावापुरता रेग्युलेटर) मिळतो. क्लॉकचा ‘गेट_ऑप्शनल’ जीपीआयओसारखाच.