मदत हवी आहे: घरगुती कामांसाठी २४ लिटरचा एअर कॉम्प्रेसर पुरेल का?

नमस्कार.

घरातल्या कामांसाठी उचलून इकडेतिकडे नेता येईल असा छोटा एअर कॉम्प्रेसर घ्यायचा विचार आहे. बरेच दिवस माहिती काढते आहे, पण दुकानदार एक सांगतो, यंत्रावरची पाटी दुसरे सांगते आणि ओळखीचे सुतार तिसरेच. ज्यांनी असे यंत्र स्वतः वापरले आहे त्यांच्याकडून नीट समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. घर जांभ्या दगडाचे, जुने, मागच्या बाजूला प्रशस्त पडवी आहे आणि सगळी कामे तिथेच होणार आहेत. सर्वांत मोठे काम म्हणजे सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेले सागवानी कपाट, दोन बाके आणि माजघराचे दरवाजे. त्यांच्यावरचे काळवंडलेले जुने पॉलिश खरवडून काढले आहे. आता सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रे भरणारा पहिला थर) आणि त्यावर एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचे हात स्प्रेने मारायचे आहेत. सागाची रेघ पुन्हा दिसू लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच फार बरे वाटले, त्यामुळे हे काम उरकून टाकायचे म्हणून करायचे नाही.

दुसरे काम गणपतीचे. आमची मूर्ती शाडूची असते आणि रंगकाम आम्ही घरी करतो. गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, अंगाचा रंग कॉम्प्रेसरवर मारतात. गालापासून मानेपर्यंत उतरत जाणारी ती मऊ छटा ब्रशने कितीही प्रयत्न केला तरी साधत नाही, म्हणून एअरब्रश घ्यायचा आहे. याशिवाय फ्रेमना १८ गेजचे बारीक खिळे मारणे, सायकल आणि गाडीच्या टायरमध्ये हवा भरणे, शिलाई मशीन आणि पंख्यांतली धूळ उडवणे ही किरकोळ कामे आहेतच.

दुकानात दोन यंत्रे पाहिली. एक १ एचपीचे, २४ लिटर टाकीचे, ऑइल-फ्री, ८ बार (बार हे हवेच्या दाबाचे माप) दाबापर्यंत जाणारे. दुसरे २ एचपीचे, ५० लिटरचे, पंपात वंगणाचे तेल लागणारे. दोन्हींच्या पाटीवर मिनिटाला इतके लिटर हवा असा आकडा आहे, पण सुतार म्हणतात की त्या आकड्यावर जाऊ नका. मग कशावर जावे? १ एचपीच्या यंत्रावर कपाटाचा एक पूर्ण दरवाजा मध्ये न थांबता मारून होईल का? टाकी मोठी घेतली तर हा प्रश्न सुटतो का?

दुसरी शंका पाण्याची आहे. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबर सरेपर्यंत हवा इतकी दमट असते की कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. अशा हवेत कॉम्प्रेसर चालवला तर स्प्रे गनमधून पाण्याचे थेंब येतात, असे ऐकले आहे. शाडूच्या मूर्तीवर असा एक थेंब पडला तरी डाग राहील. यावर घरच्या घरी काय उपाय करता येईल?

तिसरी शंका विजेची. संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब (व्होल्टेज) बराच उतरतो आणि पावसाळ्यात वीज अधूनमधून जातेच. पडवीत ६ अँपिअरचा एक पॉइंट आहे. त्यावर हे यंत्र चालवावे की नवीन पॉइंट काढून घ्यावा?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद

ताई, माझे फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे आणि पॉलिशचे काम मी स्वतः करतो. सुतारांनी तुम्हाला बरोबर सांगितले आहे. पाटीवर बहुतेक वेळा पिस्टन किती हवा आत ओढतो तो आकडा असतो. प्रत्यक्षात दाबून बाहेर मिळणारी हवा लहान यंत्रांत त्याच्या साधारण ६० ते ७० टक्केच भरते, आणि गनला ही मिळणारी हवाच लागते. एचपी आणि बार या दोन आकड्यांवरून यंत्राची निवड करू नये.

खरी हवा किती मिळते ते दुकानातच घड्याळ लावून काढता येते. टाकी पूर्ण रिकामी करून यंत्र सुरू करायला सांगा आणि काटा ८ बारवर जाईपर्यंतचा वेळ मोजा. २४ लिटरच्या टाकीत ८ बार दाब चढतो तेव्हा २४ गुणिले ८ म्हणजे १९२ लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा आत गेलेली असते. त्याला तीन मिनिटे लागली तर यंत्र मिनिटाला ६४ लिटर हवा देते, असा हिशेब झाला. वरच्या दाबाला पंप मंदावतो, म्हणून ३ ते ५ बारमधला वेळ वेगळा मोजा, कारण स्प्रेचे काम त्याच पट्ट्यात चालते. चांगला दुकानदार याला नाही म्हणणार नाही.

आता हा आकडा गनच्या गरजेशी ताडून पाहा. सुतार-पेंटर वापरतात त्या १.४ मिमी नोझलच्या एचव्हीएलपी (कमी दाबाने जास्त हवा सोडणाऱ्या) गनला मिनिटाला साधारण अडीचशे ते साडेतीनशे लिटर हवा लागते. टाकी ८ बारवरून ३ बारवर उतरेपर्यंत तुमच्या हाती २४ गुणिले ५ म्हणजे १२० लिटर साठा असतो. मोटर मिनिटाला ६४ लिटर भर घालत असली आणि गन २८० लिटर ओढत असली, तर जेमतेम अर्ध्या मिनिटात दाब पडेल आणि लॅकर फवारा न होता थेंबाथेंबाने पडू लागेल. त्याऐवजी ०.८ किंवा १ मिमी नोझलची छोटी टच-अप गन घेतली तर तिला शंभर-सव्वाशे लिटर पुरते. तेवढ्याच साठ्यावर दोन-अडीच मिनिटे सलग हात चालतो. फवाऱ्याचा पट्टा अरुंद पडतो, त्यामुळे दरवाजा मारायला वेळ जास्त लागतो, पण फिनिश उत्तम येते. कपाट आणि दोन बाके एवढ्या कामाला हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

टाकी मोठी केल्याने प्रश्न सुटत नाही. गच्चीवरची टाकी मोठी बांधली म्हणून विहिरीचा झरा वाढत नाही, तसेच हे आहे. ५० लिटरमध्ये तुम्हाला दुप्पट वेळ मिळेल, पण पंप तोच असेल तर ती पुन्हा भरायलाही दुप्पट वेळ लागेल. तुम्ही पाहिलेल्या दुसऱ्या यंत्राचा पंप मोठा आहे, म्हणून ते जास्त हवा देईल हे खरे. मात्र ते जड असते, आणि तेलाच्या यंत्रातून हवेबरोबर तेलाचा सूक्ष्म अंश येतो. लॅकरमध्ये तो उतरला की पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि ते पुन्हा घासूनच काढावे लागतात. मूर्ती आणि पॉलिश ही तुमची मुख्य कामे असतील तर ऑइल-फ्रीच घ्या. त्यातही शक्य असेल तर मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या मोटरचे घ्या. २८०० फेऱ्यांचे यंत्र स्वस्त पडते, पण बंद पडवीत त्याच्या शेजारी उभे राहून काम करणे कानांना सोसत नाही आणि ते झिजतेही लवकर. अशा छोट्या यंत्रांची मोटर अखंड चालण्यासाठी नसते. सामान्यतः जितका वेळ चालेल तितकाच वेळ तिला थंड व्हायला द्यावा.

एअरब्रशची काळजीच करू नका. ०.३ मिमीच्या एअरब्रशला मिनिटाला दहा-पंधरा लिटर हवा आणि एक ते दीड बार दाब पुरतो. खिळ्याच्या गनला दाब ५ ते ७ बार लागतो, पण एका खिळ्यामागे हवा लिटर-दीड लिटरच खर्च होते.

पाण्याचे मात्र मनावर घ्या. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम वाफ असते. ती हवा ८ बारला दाबून पुन्हा ३० अंशांपर्यंत निवली की तिच्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. उरलेल्या वीसेक ग्रॅमचे पाणी होऊन ते टाकीत आणि पाइपमध्ये उतरते. म्हणून टाकीच्या तळाचा कॉक रोज काम संपल्यावर, टाकीत थोडा दाब असतानाच, उघडून पाणी काढायचे. पहिल्यांदा तांबूस पाणी फुसफुसत बाहेर येते ते पाहिले की हे का करायचे ते वेगळे सांगावे लागत नाही. पाणी साचून राहिले तर पत्रा आतून गंजतो, आणि गंजलेली दाबाची टाकी धोकादायक असते.

लॅकरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाइपमधून पाणी आले तर ठिपके आणि खड्डे दिसतात. पण सगळ्या पृष्ठभागावर सारखी दुधाळ झाक आली तर तो दोष कॉम्प्रेसरचा नाही. एनसी लॅकरचे थिनर झपाट्याने उडते, त्यामुळे लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो आणि बाहेरच्या दमट हवेतले पाणी त्यावर धरते. हे ब्रशने मारले तरी होते. रिटार्डर (सावकाश उडणारे) थिनर थोडे मिसळून उपाय होतो, पण माझे मत स्पष्ट आहे: कपाट दिवाळीनंतर करा. इतकी वर्षे टिकलेल्या सागाला भर पावसात लॅकर देण्याची घाई कशाला?

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. विजेचे मी सांगतो, कारण माझे कामच ते आहे.

१ एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण तेवढे काम देण्यासाठी मोटर विजेच्या बाजूने साधारण १ किलोवॉट घेते. चालू असताना ५ अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. ६ अँपिअरच्या पॉइंटवर ते लावू नका. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, तांब्याची किमान २.५ चौरस मिमीची वायर आणि खात्रीचे अर्थिंग करून घ्या. बारीक एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच वापरू नका. लांब अंतरावर काम असेल तेव्हा वायर न वाढवता हवेचा पाइप वाढवावा.

विजेचा दाब उतरल्यावर नेमके काय होते तेही सांगतो. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० व्होल्टचे १८० झाले की जोर साठ टक्क्यांवर येतो. त्यात वीज मध्येच गेली असेल तर प्रेशर स्विच (टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा) चालू स्थितीतच राहतो, पिस्टनवर अडकलेली हवा सुटत नाही आणि वीज आली की मोटर त्या दाबाविरुद्ध उठू पाहते. ती न फिरता नुसती घूं घूं करत तापते आणि वाइंडिंग जळते. म्हणून वीज जाताच स्विच हाताने बंद करायचा. बंद करताना ‘फुस्स’ असा आवाज आला म्हणजे अडकलेली हवा सुटली. वीज परत येऊन स्थिर झाल्यावरच पुन्हा चालू करायचे. संध्याकाळी विजेचा दाब उतरत असेल तर काम सकाळी करा.

आगीचेही सांगतो. एनसी थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. कॉम्प्रेसरच्या स्विचमध्ये प्रत्येक वेळी ठिणगी पडते, म्हणून यंत्र पडवीबाहेर ठेवून पाइप आत घ्या. स्वयंपाकघराची आणि देवघराची दारे बंद ठेवा, समई किंवा निरांजन तेवत असेल तर स्प्रे सुरूच करू नका. तोंडाला रुमाल पुरत नाही, कार्बन काडतुसाचा मास्क घ्या.

मूळ धागाकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी दुकानात जाऊन टाकी रिकामी करवून घेतली. १४०० फेऱ्यांच्या ऑइल-फ्री यंत्राने शून्यापासून ८ बार गाठायला २ मिनिटे ४० सेकंद घेतली, म्हणजे मिनिटाला ७२ लिटर. ३ ते ५ बारच्या पट्ट्यात हिशेब थोडा अधिकच चांगला निघाला. तेच यंत्र आणि १ मिमीची टच-अप गन घ्यायचे ठरवले आहे. पडवीत १६ अँपिअरचा पॉइंट काढायला वायरमन येणार आहे. कपाट दिवाळीनंतर, गणपती मात्र याच वर्षी.

एकच विचारायचे राहिले. वॉटर सेपरेटर (हवेतले पाणी वेगळे करणारी वाटी) कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवावा की गनपाशी? आणि घरी पीव्हीसीचा पाण्याचा पाइप शिल्लक आहे, तो पडवीपर्यंत हवा न्यायला चालेल का?

प्रतिसाद

पीव्हीसी अजिबात नको. दाबाच्या हवेखाली तो फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात. ८ मिमीचा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप आणि क्विक कपलर (झटपट जोडायचा सांधा) घ्या, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासा.

सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवला तर फारसा उपयोग होत नाही. पंपातून निघालेली हवा तापलेली असते, तिच्यातले पाणी अजून वाफेच्या रूपात असते आणि ते सेपरेटरमधून तसेच निघून जाते. मध्ये सात-आठ मीटर पाइप जाऊ द्या, त्यात हवा निवेल, मग भिंतीवर रेग्युलेटरसह सेपरेटर बसवा आणि तिथून पुढे गनला पाइप न्या. सेपरेटरची वाटी नेहमी उभी आणि तळ खाली असा असावा. शाडूच्या मूर्तीसाठी एअरब्रशच्या दांड्याला लागणारा छोटा मॉइश्चर ट्रॅपही घ्या, आणि दर वेळी मूर्तीकडे वळण्याआधी कोऱ्या कागदावर नुसती हवा मारून पाहा. कागद कोरडा राहिला तरच रंग भरा. मूर्ती आतपर्यंत वाळल्याशिवाय पहिला पांढरा हात देऊ नका. आपल्याकडच्या श्रावणात तिला वाळायला वेळ लागतो, तेव्हा मातीचे काम आषाढातच संपवा.