जुना १८ इंची बँडसॉ, निपाणीत ५५ हजार सांगतोय. घ्यावा का?

खानापूरचा_मिस्त्री
नमस्कार मंडळी. दारं-चौकटी आणि थोडं फर्निचर करतो. वळणाचं काम जिगसॉवर आता परवडेना. निपाणीत एक जुना १८ इंची बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पोलादी पट्टीची करवत) बघून आलो. बिडाची बॉडी, २ एचपी थ्री फेज मोटर, हिरवा रंग कालच मारल्यासारखा. मालक ५५ हजार म्हणायलाय, वर "नवीन लाखाच्या पुढं जातंय" हे पण. कोटेशन मी काढलंय, ९५ हजार अधिक १८ टक्के जीएसटी. योग्य किंमत किती धरू? शेडला हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) थ्री फेज आहे.

उद्यमबाग_फिटर
लाखाची गोष्ट आधी सोडा. तुमचं जीएसटी रेग्युलर असेल तर वरचे १७,१०० क्रेडिटमध्ये सुटतात, तुलना ९५ हजारांशीच. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्याची योजना, तिथं क्रेडिट मिळत नाही) असाल किंवा नंबरच नसेल तर मात्र १,१२,१०० धरा.

खालची हद्द भंगाराची. मशीनचं वजन काढा, बिडाचा आजचा दर भंगारवाल्याला विचारा, मोटरचे वेगळे धरा. त्याच्या खाली मालक देणार नाही. मधला आकडा मशीनची हालत ठरवणार. मी स्वतः नव्याच्या निम्म्यावर चढत नाही, आणि त्यातूनही दुरुस्ती वजा करतो.

आणि तो ताजा रंग मला खटकतोय. बीड तडकलं की वेल्डिंग करून पुट्टी-रंग मारतात. रंग जिथं उडालाय किंवा तुम्हाला थोडा खरवडू देतील तिथं, विशेषतः मानेच्या (वरचं चाक पेलणाऱ्या बॉडीच्या भागाच्या) वळणावर आणि खालच्या चाकाच्या बेअरिंग हाउसिंगजवळ, रॉकेल किंवा डिझेल लावा. पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसून खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उठते. मानेत रेघ दिसली तर भंगाराच्या भावावर या, नाहीतर सरळ घरी या.

चिकोडी_वखार
निम्म्याचा नियम सगळ्यांना लागू नाही हो. जुनं जड बीड कंप कमी करतं, चांगलं असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. पण चाकं बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पट्टी काढा, चाकाच्या कडेला खडू टेकवून हातानं फिरवा. खडू सगळीकडं सारखा लागला पाहिजे. एकाच बाजूला लागला तर शाफ्ट वाकलाय नाहीतर बेअरिंग गेलंय. मग चाक वर-खाली हलवून बघा, खडखड ऐकू येते का. चाकावर चढवलेलं रबर नखानं दाबा. पट्टी वर्षानुवर्षं ताणून ठेवली असेल तर रबराला खाच पडते आणि चालू केल्यावर सगळं मशीन थरथरतं.

पट्टी कुठली लावलीय तेही बघा. १८ इंची म्हणजे ४५७ मिमी चाक. पट्टीची जाडी चाकाच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढी, म्हणजे अर्ध्या मिमीच्या आसपास हवी. वखारीतली जाड पट्टी कापून जोडलेली असेल तर ती लवकर तुटणार, त्याचे पैसे धरू नका.

यूट्यूबवाले टेबलावर नाणं उभं करून दाखवतात, ते मी मानत नाही. फरशी सरळ नसेल तर चांगल्या मशीनवरही नाणं पडतं.

उद्यमबाग_फिटर
बरोबर. मोटरला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. २ एचपीला ४१५ व्होल्टवर पूर्ण लोड साधारण साडेतीन अँपिअर. रिकामी चालवताना त्याच्या बरीच खाली, आणि तिन्ही फेजवर जवळपास सारखी. एका फेजवर जास्त दिसली तर रिवाइंडिंगचा खर्च वजा करा. पुली मूळची आहे का तेही विचारा. वेग वाढवायला कोणी बदलली असेल तर चाकं त्या वेगाची नसतात.

लोंढा_जंगलकाठ
एक वेगळी गोष्ट. मशीन कुठल्या आरागिरणीतून आलंय का ते विचारून घ्या. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या आदेशापासून आरागिरण्यांवर नजर आहे. आपला तालुका जंगलाचा, तेव्हा घेण्याआधी वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारा, नंतर धावपळ नको.

खानापूरचा_मिस्त्री
आज परत जाऊन आलो. रॉकेल-खडूत मान साफ निघाली. वरचं चाक खडूला एका बाजूनं लागतंय, दोन्ही रबरं गेलीयत, पट्टी वखारीचीच. मोटर ठीक. रेंज ऑफिसातही विचारलं, फर्निचरच्या कामाला काय लागतं ते लिहून द्या म्हणाले. मालक आता ४५ वर आलाय.

उद्यमबाग_फिटर
शाफ्ट, बेअरिंगं, दोन रबरं, नवी पट्टी, मजुरी. शाफ्टच्या कामाचा उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) कुठल्याही लेथवाल्याकडून अंदाज घेऊन या, आणि सगळ्याची बेरीज मालकासमोर कागदावर मांडा. ४५ मधून ती वजा करायची नाही, नव्याच्या निम्म्यातून म्हणजे ४७ हजार पाचशेतून करायची. माझ्या मते ३५ च्या आत बसायला हवं. टेम्पो आणि हमाली कोणाकडं ते आधी बोला.

चिकोडी_वखार
३५ ला मी पण घेईन. आणताना टेबल खोलून वेगळं गुंडाळा, पट्टीचा ताण उतरवा, आणि मशीन उभंच बांधून आणा. आडवं टाकलं तर वरच्या चाकाचा कंस रस्त्यातच मोडेल.